बारीक तारा

लूमच्या माणसाला खरं सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं, आणि ओरडून सांगितलेलं गल्लीभर होतं. त्यामुळे सुरतेच्या गोडादऱ्यातल्या बाया नवऱ्यांना खरं सांगायच्या भानगडीत फारशा पडत नाहीत. गॅस कधी संपला, पाहुणे कधी येणार, डबा घेतला का, एवढंच त्या मोठ्यांदा बोलतात. बाकीचं पोटात ठेवतात, नाहीतर नळावर एकमेकींना सांगून मोकळ्या होतात.

छाया खरातही तेच करत आली होती. तिचा नवरा शालिग्राम मूळचा सिंदखेडराजाकडचा. सव्वीस वर्षं तो एकाच खात्यात लूम चालवत होता. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. तिथं एका पत्र्याखाली पन्नास-साठ माग एकदम खटाखट चालतात आणि नवीन माणूस आत शिरला की पाच मिनिटांत त्याचं डोकं भणभणतं. शालिग्रामचंही सुरुवातीला भणभणलं होतं, मग थांबलं. सवय झाली, असं तो समजला. खरं तर कान जात होते. पण गल्लीतले सगळेच बाप्ये लूमवरचे, सगळ्यांच्या घरचे टीव्ही सारखेच केकाटणारे, साध्या बोलण्यातही सगळे भांडल्यासारखे. अशा ठिकाणी आपल्याला कमी ऐकू येतं हे कुणाच्या लक्षात येणार? गावाकडून आलेला पाहुणा बावरून विचारायचा, की दादा रागावलेत का? बाया म्हणायच्या, नाही हो, लूमचा माणूस आहे. एवढं सांगितलं की विषय संपायचा.

असा माणूस गिटार वाजवतो म्हटलं तर कुणालाही हसू येईल. पण शालिग्राम वाजवायचा, आणि झकास वाजवायचा. लग्नाच्या आधी शनवारी बाजारातून त्यानं एक जुनी गिटार उचलली होती, आणि खोलीतल्या एका ओडिया कारीगराकडून चार कॉर्ड शिकून घेतल्या होत्या. त्याचं काम रिदमचं. गाणाऱ्याच्या मागं कॉर्ड धरून ठेक्यात स्ट्रोक मारत राहायचे, गाणं पडू द्यायचं नाही, पुढं पळू द्यायचं नाही. हे त्याला वेगळं शिकावं लागलंच नाही. दिवसातले बारा तास ठेका त्याच्या अंगातून जात होता.

मुकुंदराव नावाचे एक बँकेतले अधिकारी अडाजणला राहायचे. त्यांची हौसेची ऑर्केस्ट्रा पार्टी होती. हळदी, गणपती, मंडळाचं हळदीकुंकू, कुठंही बोलावलं की जायची. त्या पार्टीत शालिग्राम पंधरा वर्षं रिदम वाजवत होता आणि लीड वाजवायचा वैभव. लीड म्हणजे गाण्याची चाल, मधले नखऱ्याचे तुकडे, सगळं बारीक तारांवरचं. लोक बघायचे ते वैभवकडे, मोबाइल वर व्हायचे ते वैभवसाठी. शालिग्रामला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. त्याला फक्त एक गोष्ट हवी असायची आणि ती मिळायची. कार्यक्रमाच्या सुरुवातीला मुकुंदराव एकेकाचं नाव पुकारायचे. "रिदम गिटारवर, शालिग्राम खरात." खात्यात त्याला शेठपासून मुकादमापर्यंत सगळे चौदा नंबर म्हणायचे, कारण त्याचं पहिलं मशीन चौदा नंबरचं. गल्लीत तो कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी काका. पूर्ण नाव आडनावासकट माइकवरून फक्त तिथंच ऐकू यायचं. तेवढ्या एका वेळेला त्याची मान अशी ताठ व्हायची की छायाला प्रत्येक वेळी वाटायचं, हा माणूस एरवी वाकून का चालतो.

मग वैभवला हजीऱ्याच्या एका कंपनीत नोकरी लागली, बदलत्या पाळ्यांची. त्यानं गिटार सोडली. मुकुंदरावांनी शालिग्रामला घरी बोलावलं, चहा-बिस्किटं दिली आणि समजावून सांगितलं. हल्ली कीबोर्डवर सगळं निघतं. स्टेजवर जागा एकाच गिटारची आहे. जो एकटा रिदम आणि लीड दोन्ही एकत्र वाजवेल, त्याला ती. शालिग्रामनं शिकून घ्यावं, तीन महिने आहेत. नाही जमलं तर थांबू. मुकुंदराव काही वाईट माणूस नव्हते. सगळं गोड बोलून, दोनदा मोठ्यांदा, आणखी चहा घ्या म्हणत सांगितलं. छायाला नंतर त्या चहाचाच जास्त राग यायचा.

शालिग्राम घरी आला तो उत्साहानं. त्या महिन्यात त्याची रातपाळी होती. सकाळी यायचा, दोनपर्यंत झोपायचा आणि चार वाजता गिटार घेऊन पलंगावर बसायचा. समोर मोबाइल उभा करून त्यातल्या मास्तरची बोटं बघायची. छाया खाली बसून साड्यांवर खडे चिकटवायची, तिचं घरबसल्याचं काम ते. ऐकता ऐकता तिलाही सगळं समजायला लागलं. स्ट्रोक मारायची पट्टी आता बाजूला ठेवायची. अंगठ्यानं जाड तारांवर ठेका चालू ठेवायचा, तो क्षणभरही थांबता कामा नये. त्याच वेळी उरलेल्या बोटांनी बारीक तारांवर चाल काढायची, ठेक्याच्या मधल्या फटीत. आणि चाल ठेक्यापेक्षा थोडीशीच वर ऐकू यायला हवी. फार खाली गेली तर नुसता ठेका उरतो, फार वर गेली तर गाणं फाटतं. सगळी कला त्या थोडीशीत होती.

पहिल्याच आठवड्यात छायाला कळून चुकलं. अंगठा त्याचा सोन्यासारखा चालायचा. पण बारीक तारा हळू छेडल्या की त्याला ऐकूच यायच्या नाहीत. मग तो जरा जोर लावायचा, मग आणखी, नखानं तार उपटल्यासारखी ओढायचा, आणि ती त्याच्या कानाला गोड लागायला लागली की चेहरा खुलायचा. तोपर्यंत बाकीच्यांच्या कानात खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. खालून शांत ठेका आणि वरून किंकाळ्या. बारीक तार दर चार दिवसांनी तुटायची. कंपनी खराब आहे, असं तो म्हणायचा.

एकदा तिनं सांगून पाहिलं. गॅसकडं तोंड होतं, पाठ त्याच्याकडं. साध्या आवाजात ती म्हणाली, वरचं जरा टोचतंय. त्याला काही ऐकू गेलं नाही, पण बायको काहीतरी बोलली एवढं समजलं. "काय म्हनली?" त्यानं विचारलं. ती वळली. गिटार मांडीवर, घामानं कपाळ ओलं, आणि डोळ्यांत शाळेतल्या पोरासारखी वाट बघणं. आता हेच वाक्य त्याला कळायचं तर छप्पर उडेल एवढ्या आवाजात म्हणायला हवं होतं. पलीकडं सरलाबाईचं दार उघडं, बाहेर नळाला लाइन. नवऱ्याची फजिती अशी गल्लीला वाचून दाखवायची?

"चांगलं वाजतंय म्हनलं," छाया ओरडली.

तो लाजून हसला. पुढचे तीन महिने तिला तेच म्हणावं लागलं.

तसं म्हणायला तिला आणखी एक कारण होतं, आणि ते तिनं नळावरही कुणाला सांगितलं नाही. तो बोलायला लागला होता. पोरीचं लग्न होऊन ती नवसारीला गेल्यापासून या घरात दोघांचं बोलणं डब्यापुरतं उरलं होतं. ओरडून बोलायचं म्हणजे माणूस कामाचंच बोलतो; आज आकाश किती निळं आहे हे कोण ओरडून सांगतं? पण आता तो तिला हाका मारून बोलवायचा. हे बघ, इथं अंगठा नाही थांबला. हे बघ, करंगळी आता पोचते. तिचा हात धरून तारेवर ठेवायचा, बोटं कापतात का बघ म्हणायचा. एकवीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला इतकं कधी जवळ बसवलं नव्हतं. तिला ते आवडत होतं. हावरटासारखं आवडत होतं.

गल्लीतले बाप्ये यायचे, दारात उभे राहून माना डोलवायचे, वा शालिग्रामभाऊ म्हणायचे. तेही लूमवरचेच. त्यांच्याही कानाला ते गोडच लागत असणार. सरलाबाईनं मात्र नळावर एकदा विषय काढला, की बाई, तुझ्या मालकाला कुणीतरी सांगायला पाहिजे. छाया तिच्यावर अशी उसळली की दोघींचं पंधरा दिवस बोलणं बंद होतं. नंतर सरलाबाईच आपण होऊन आली. पोराचं लग्न ठरलं होतं. हळदीला मुकुंदरावांची पार्टी सांगितली होती, आणि शालिग्रामभाऊंनीच वाजवायचं असं तिनं बजावलं होतं. शेजारधर्म म्हणून. छायाला तिला नको म्हणता आलं नाही, कारण नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी मांडव होता. शालिग्रामनं इस्त्रीचा शर्ट घातला, नव्या तारा चढवल्या. मुकुंदरावांनी नावं पुकारली. या वेळी रिदम शब्द गाळून नुसतं "गिटारवर, शालिग्राम खरात" म्हणाले. त्यानं गर्दीत छायाला शोधून तिच्याकडं बघितलं. तिनं हात वर केला.

पहिलं गाणं सुरू झालं. घरात जे खिळ्यासारखं वाटायचं ते स्पीकरमधून काय झालं असेल ते सांगायला नको. पहिल्याच तुकड्याला पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी कानांवर पदर घेतले. पोरं ख्याँ ख्याँ करून नकला करायला लागली. नवरीकडचे लोक एकमेकांकडं बघायला लागले. गाणारी बाई एक ओळ चुकली. बाप्ये तेवढे माना डोलवत होते.

छाया साउंडवाल्याच्या टेबलाजवळच उभी होती, म्हणून तिला सगळं दिसलं. मुकुंदरावांनी गाणं न थांबवता साउंडवाल्याकडं पाहिलं आणि पंजा पालथा करून खाली दाबला. साउंडवाल्यानं समोरच्या मिक्सरवरची एक दांडी अंगठ्यानं खाली ओढली, पार तळापर्यंत. किंकाळ्या थांबल्या. ढोलकी उरली, कीबोर्ड उरला, गाणं उरलं. मांडव सैल झाला, लोक नाचायला उठले. आणि छायालाही आधी हायसंच वाटलं. तिला पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली ती याच गोष्टीची.

शालिग्राम वाजवत होता. बंद केलेल्या गिटारवर, डोळे मिटून, मनापासून; ढोलकीच्या दणक्यात त्याला फरक कळलाच नव्हता. एक नाही, दोन नाही, सहा गाणी. मधल्या तुकड्याला तो पुढं सरकायचा, जसा वैभव सरकायचा. नाचणारे लोक आपल्यामुळंच नाचताहेत असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मुकुंदराव त्याच्याकडं बघत नव्हते. छायाला स्टेजवर जाऊन त्याला हाताला धरून खाली आणावंसं वाटत होतं. ती जागची हलली नाही.

उतरून तो थेट तिच्याकडं आला. शर्ट पाठीला चिकटलेला. "कसं झालं व?" त्यानं विचारलं.

"चांगलं झालं," ती म्हणाली. या वेळी तिला ओरडावंही लागलं नाही, तो तिच्या ओठांकडंच बघत होता.

पुढचा आठवडा त्याच्या आयुष्यातला चांगला आठवडा होता असं म्हणायला हरकत नाही. मुकुंदरावांनी कळवतो म्हणून सांगितलं होतं, आणि ते काय कळवणार याची त्याला शंका नव्हती. खात्यातून येताना तो जिलबी घेऊन आला. लीडला आता आणखी काय घालता येईल ते छायाला समजावत बसला. ती हूं हूं करत खडे चिकटवत राहिली आणि दोन साड्यांवर उलटे चिकटवले.

रविवारी खात्याला सुट्टी होती. सरलाबाईच्या पोरीनं, पूजानं, हळदीचा व्हिडिओ मोबाइलवर पाठवला होता. शालिग्रामनं कानात इयरफोन घातले, आवाज पूर्ण केला आणि पलंगावर बसून बघायला लागला. छाया समोरच होती. एकदा बघितला. मागं घेतला, परत बघितला. इयरफोन काढून पुसले, कानात करंगळी घालून हलवली, आणि मोबाइलच कानाला लावला. मग त्यानं तिला जवळ बोलावलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"छाया, याच्यात गिटार हाये का?" त्यानं विचारलं. "मले ढोलकी येते आयकू, बाई येते. गिटारच नाही येत."

आपले कान गेले, असं तो समजला होता. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या मनात हे आलं होतं, आणि तेही नेमकं अशा वेळी की जेव्हा त्याचं ऐकणं बरोबर होतं. छायानं मोबाइल कानाला धरला आणि नुसता वेळ काढला. आहे म्हणावं तर हा माणूस आपण ठार बहिरे झालो म्हणून आजच गिटार ठेवून देईल. नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागेल. दोन्हीकडून त्याचं जायचं ते जाणारच होतं. फक्त एकात ती खोटी उरली असती.

"नाही," ती म्हणाली आणि मान हलवली.

"मंग कोठी गेली?"

तिनं दार लावून घेतलं. खिडकी ओढली. पत्र्याच्या घराला दार-खिडकी लावून काय होणार होतं, पण लावली. साध्या आवाजात सांगून पाहिलं. त्यानं कान पुढं केला. मग ती ओरडली.

"बंद केली होती तुमची. साउंडवाल्यानं."

"काहून?"

काहूनचं उत्तर लांब होतं. बारीक तारा फार जोरात वाजतात. तुमाले आयकू येत नाही म्हणून तुमी जोर लावता. लोकायच्या कानाले सहन होत नाही. एकेक वाक्य तिला दोनदा म्हणावं लागलं, काही तीनदा, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठ्यांदा. रडत रडत ओरडणं सोपं नसतं, शब्द फाटतात. बाहेर नळावर बादल्यांचा आवाज थांबला होता. आता लाज राखण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तिनं सगळंच सांगून टाकलं.

त्यानं ऐकून घेतलं. चिडला असता तर बरं झालं असतं.

"तुले आयकू येत होतं?" त्यानं विचारलं.

"येत होतं."

"कवापासून?"

"पयल्या आठोड्यापासून."

"मंग तू जे म्हनत होती..." एवढं म्हणून तो थांबला. तुम्ही जवळ बसवत होता म्हणून मी म्हणत होते, हे ओरडून कसं सांगायचं? ते तिनं सांगितलं नाही, आणि पुढंही कधी सांगितलं नाही.

मुकुंदरावांचा निरोप मंगळवारी मोबाइलवर आला. सध्या थांबू, तब्येतीची काळजी घ्या, असा. शालिग्रामनं तो वाचून तिच्याकडं दिला आणि जेवायला बसला. भाजीत मीठ जास्त पडलं होतं. तिनं विचारलं, खारट झाली का, तर तो म्हणाला, मले काय विचारतेस. यात टोमणा नव्हता. त्याला खरंच आपल्या कशाचाच भरवसा वाटत नव्हता, जिभेचाही.

गिटारला तो पंधरा दिवस शिवला नाही. मग एका दुपारी झोपून उठला, पक्कड घेतली, आणि तिन्ही बारीक तारा कापून टाकल्या. वळवून त्यांची गुंडाळी केली आणि कचऱ्यात टाकली. तीन जाड तारा राहिल्या. त्या त्यानं मोबाइल बघून सुरात लावल्या आणि पलंगावर बसून अंगठ्यानं ठेका धरला.

छायाचे हात साडीवरच थांबले. तीन महिन्यांच्या किंकाळ्यांत ती विसरूनच गेली होती की हा माणूस काय वाजवतो. घट्ट, गरम, एकसारखा ठेका. कुठं घाई नाही, कुठं ढिलाई नाही. अंगठा आता पूर्वीपेक्षाही सफाईदार झाला होता. त्या सगळ्या मेहनतीनं बाकी काही दिलं नसलं तरी एवढं दिलं होतं. वरची चाल नव्हती तरी गाणं कुठलं ते कळत होतं. तिच्या अंगावर काटा आला. मुकुंदरावांच्या पार्टीत पंधरा वर्षांत त्यानं इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं, आणि ऐकायला ती एकटी होती.

त्यानं हात थांबवला. वर बघितलं नाही. सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "कसं वाटतं?"

ती उठली. त्याच्या समोर जाऊन खाली बसली, म्हणजे त्याला तिचे ओठ दिसतील. हनुवटीला हात लावून त्याचं तोंड वर केलं आणि एकेक शब्द सावकाश, मोठ्यांदा म्हणाली, "लय चांगलं वाजतंय. खरंच."

शालिग्राम तिच्या चेहऱ्यात बघत राहिला. खात्यात कापडाचा तागा उजेडाला धरून दोष शोधतात, तसं बघितलं. मग तो थोडंसं हसला. पाहुण्यांचं मन राखायला माणूस हसतो तेवढंच.

"हाव," तो म्हणाला, आणि गिटार उचलून कपाटावर ठेवली. त्याला ऐकू आलं होतं. पटलं नव्हतं.